मातींतील जंतु आणि कापडाचे रंग

नवी सुती साडी किंवा गडद तांबडी चादर प्रथम भिजविली म्हणजे बादलींतलें पाणी रंगून जातें, हा अनुभव श्रोत्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं आलेला असेल. गृहिणी अशीं वस्त्रें निराळीं भिजविते, पाण्यांत मूठभर मीठ टाकते, तें रंगीत पाणी मोरींत ओतते, आणि दोन-तीन धुण्यांनंतर ‘आतां रंग बसला’ असें म्हणून निर्धास्त होते. मोरींत गेलेल्या पाण्याचें पुढें काय झालें हा विचार तिच्या मनांत येत नाहीं, व एका बादलीपुरता तो येण्याचें फारसें कारणहि नाहीं. परंतु ज्या कारखान्यांत ती साडी रंगविली गेली, तेथून अशा हजारों बादल्या रोज ओतल्या जात असतात. त्या पाण्यांतील रंग कोठें जातो, तो मोडतां येतो काय, आणि तो डोळ्यांना दिसेनासा झाला म्हणजे पाणी निर्मळ झालें असें समजावें काय, या तीन प्रश्नांचा येथें विचार करावयाचा आहे. त्यांपैकीं तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून त्याचें उत्तर पुष्कळदां चुकीचें दिलें जातें.

हा प्रश्न कोठेंहि महत्त्वाचाच आहे. परंतु धुळें जिल्ह्यांतील शिरपूर तालुक्यांत त्याला विशेष धार आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मधून वाहणारी अरुणावती अशा या तालुक्याच्या मोठ्या भागांत जमिनीखालीं तापीच्या गाळाचे जाड थर पसरले आहेत. वरच्या बाजूस पिवळ्या चिकण मातीचा थर असतो. तो पावसाचें पाणी खालीं उतरूं देत नाहीं. त्याच्या खालीं वाळू व गोटे यांचे थर असतात. ते पाणी पोटांत सांठवून ठेवूं शकतात. उपसा वर्षानुवर्षें वाढत गेला, भरणा मात्र होईना, आणि विहिरी कोरड्या पडत चालल्या. अशा स्थितींत 2004 च्या सुमारास भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखालीं येथील नाले रुंद व खोल करण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. चिकण मातीचा थर कापून नाल्याचें तळ खालच्या वाळूपर्यंत नेलें, नाल्यावर एकामागून एक सिमेंटचे बंधारे घातले, आणि पावसाळ्यांत अडलेलें पाणी थेट जमिनीच्या पोटांत मुरूं लागलें. आटलेल्या विहिरींना पुन्हां पाणी आलें. हें काम ‘शिरपूर पॅटर्न’ या नांवानें महाराष्ट्रभर गाजलें, व तें योग्यच झालें.

परंतु या यशाची दुसरी बाजू लक्षांत ठेवली पाहिजे. जो नाला स्वच्छ पाणी विहिरीपर्यंत पोंचवितो, तोच नाला मलिन पाणीहि तितक्याच तत्परतेनें पोंचवील. पिवळ्या मातीचा थर पाण्याला आडवा येत होता, तसाच तो घाणीलाहि आडवा येत होता; तो पडदा माणसानें बुद्धिपुरस्सर दूर केला आहे. म्हणून ज्या मुलखानें आपल्या नाल्यांना विहिरींचीं दारें बनविलें, त्या मुलखानें त्या दारांवर पहाराहि अधिक कडक ठेवला पाहिजे. शिरपूर हा कापसाचा प्रदेश आहे. तेथें सूतगिरणी आली, कापडधंदा आला, वस्त्रविद्येचें उच्च शिक्षणहि मिळूं लागलें. कापूस जेथें पिकतो तेथेंच त्याचें सूत, कापड व रंगकाम व्हावें ही आकांक्षा सर्वथा रास्त आहे. मात्र रंगकाम आलें म्हणजे रंगाचें पाणी आलें, आणि त्याचा निकाल नाल्याच्या कांठीं पोंचण्यापूर्वींच लागला पाहिजे.

खानदेशाला रंगकाम नवें नाहीं. यावल तालुक्यांतील फैजपूर हें गांव एके काळीं छापील सुती कापडासाठीं व निळीच्या गडद रंगासाठीं नांवाजलेलें होतें. आल नांवाच्या झाडाच्या मुळांपासून तांबडा, कुसुंब्याच्या फुलांपासून गुलाबी व केशरी, आणि गुळीच्या पाल्यापासून निळा रंग काढीत. यांतील निळीची कृति मोठी बोधप्रद आहे. नीळ पाण्यांत विरघळत नाहीं; मग ती सुतांत शिरावी कशी? जुने रंगारी मोठ्या रांजणांत नीळ, चुना, गूळ व तत्सम आंबणारे पदार्थ घालून तें मिश्रण कांहीं दिवस झांकून ठेवीत. आंबण्याची क्रिया चालू झाली कीं निळा रंग मावळे व पिवळसर हिरवट द्राव तयार होई. त्यांत बुडविलेलें सूत बाहेर काढून वाऱ्यावर धरलें कीं पाहतां पाहतां तें पुन्हां निळें होई. रांजणांत काम करणारे ते कारागीर म्हणजे सूक्ष्म जंतु होते, ही गोष्ट रंगाऱ्याला ठाऊक नव्हती. तथापि हवेवांचून कोंडलेले जंतु रंगाचें रूप पालटतात, आणि हवा लागतांच पुढची क्रिया घडते, हा दुहेरी नियम त्यानें हाताच्या अनुभवानें ओळखला होता. हा नियम पुढें उपयोगीं पडणार आहे.

1856 मध्यें विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज तरुणानें कोळशाच्या डांबरांतील द्रव्यांपासून जांभळा रंग तयार केला, आणि रंगांच्या जगांत उलथापालथ झाली. 1868 मध्यें मंजिष्ठेंतील तांबड्या रंगाचें मूलद्रव्य जर्मन रसायनज्ञांनीं प्रयोगशाळेंत बनविलें. त्यानंतर आलीचा व्यापार ढांसळला. 1897 मध्यें कृत्रिम नीळ बाजारांत आली, आणि गुळीचीं शेतें ओस पडूं लागलीं. परंतु या सर्वांपेक्षां व्यापक ठरला तो पीटर ग्रीस यानें 1858 मध्यें शोधून काढलेला मार्ग. त्या मार्गानें ‘ॲझो’ रंग नांवाचा जो वर्ग निर्माण झाला, त्यांत पिवळ्यापासून काळ्यापर्यंत सर्व छटा आहेत. आज जगांत वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांपैकीं निम्म्याहून पुष्कळच अधिक रंग याच वर्गांतले आहेत.

ॲझो रंगाची रचना समजण्यास कठीण नाहीं. नायट्रोजनचे दोन अणु एकमेकांचे दोन्ही हात धरून उभे आहेत, आणि त्यांच्या दोहों बाजूंस कार्बनच्या सहा-सहा अणूंचीं कडीं जोडलेलीं आहेत, असें चित्र डोळ्यांपुढें आणावें. मधला हा दुहेरी बंध व दोन्हीकडचीं कडीं मिळून प्रकाशाचा कांहीं भाग शोषून घेतात. उरलेला भाग आपल्या डोळ्यांना तांबडा, नारिंगी किंवा निळा दिसतो. अर्थात् रंग त्या मधल्या पुलावर अवलंबून आहे. पूल मोडला कीं रंग गेला. परंतु हा पूल मोडूं नये अशीच त्याची घडण असते. साडी उन्हांत वाळविली, साबणानें घासली, घामानें भिजली तरी तिचा रंग उडूं नये अशी ग्राहकाची अपेक्षा असते, आणि कारखानदार ती पुरी करतो. जो रंग उन्हाला व साबणाला दाद देत नाहीं, तो नाल्यांत गेल्यावर तरी सहजासहजीं कसा नष्ट होणार? वस्त्राचा गुण तोच पाण्याचा दोष होऊन बसतो.

सुती कापडाच्या बाबतींत ही अडचण अधिक आहे. 1956 मध्यें सुताशीं रासायनिक बंध जोडणारे नवे रंग बाजारांत आले. त्यांना प्रतिक्रियाशील रंग म्हणतात. ते धुण्यांत टिकतात व झगझगीत दिसतात. पण रंगाच्या हौदांत सुताबरोबर पाणीहि असतें, आणि रंगाचा कांहीं भाग सुताशीं जोडला जाण्याऐवजीं पाण्याशींच जोडला जाऊन वायां जातो. हा वायां जाणारा भाग रंगाच्या जातीप्रमाणें व गडदपणाप्रमाणें शेंकडा 10 पासून 40 पर्यंत, कधीं त्याहूनहि जास्त असतो. शिवाय रंग सुताकडे ओढला जावा म्हणून गडद छटेसाठीं लिटरमागें 50 ते 80 ग्रॅम मीठ किंवा सोडियम सल्फेट हौदांत घालावें लागतें. हें सारें शेवटीं सांडपाण्यांत येतें. लिटरभर पाण्यांत एक मिलिग्रॅम रंग असला तरी तो डोळ्याला ओळखूं येतो. रंगगृहाच्या सांडपाण्यांत तो याच्या कितीतरी पट असतो. असें पाणी ओढ्याला मिळालें म्हणजे सूर्यप्रकाश खोल जात नाहीं, पाणवनस्पति निस्तेज होतात, आणि पाण्यांतील प्राणवायु घटून मासे तळमळूं लागतात.

चुना-तुरटीनें हा रंग खालीं बसवितां येतो, कोळशानें शोषून घेतां येतो. पण त्यांत रंगाचें स्थळ बदलतें, रंग नष्ट होत नाहीं. पाण्यांतला रंग गाळांत जातो आणि त्या रंगीत गाळाचें काय करावयाचें हा नवा प्रश्न उभा राहतो. म्हणून शास्त्रज्ञांचें लक्ष मातीकडे गेलें. चिमूटभर सुपीक मातींत कोट्यवधि जंतु असतात. पानें, काटक्या, मेलेले किडे, शेण अशा नाना वस्तूंचे तुकडे करून त्यांचें पुन्हां मातींत रूपांतर करणें हा त्यांचा व्यवसाय. निसर्गानें न घडविलेला रंगहि ते मोडूं शकतील काय?

असे जंतु शोधण्याची रीत साधी आहे. ज्या ठिकाणीं वर्षानुवर्षें रंगाचें पाणी सांडत आलें आहे, तेथील माती घेतात. अशा मातींत ज्या जंतूंना रंग सोसत नाहीं ते केव्हांच मेलेले असतात. ज्यांना तो सोसतो, तेच उरतात. ती माती थोड्या पोषक द्रव्यांच्या व रंगाच्या पाण्यांत घालून ठेवतात. कांहीं दिवसांनीं त्यांतला थेंब दुसऱ्या बाटलींत, तिच्यांतला तिसऱ्या बाटलींत, याप्रमाणें निवड करीत गेलें कीं रंग फिका करणारी जात हातीं लागते. महाराष्ट्रांत असें काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत विशेष चिकाटीनें झालें. तेथील जीवरसायनशास्त्र विभागांत प्राध्यापक संजय गोविंदवार व त्यांचे सहकारी यांनीं इचलकरंजीच्या कापडधंद्याच्या परिसरांतील मातींतून व सांडपाण्यांतून बॅसिलस, स्यूडोमोनस आदि वर्गांतल्या जाती वेगळ्या केल्या. त्यांपैकीं कांहीं जाती कांहीं रंग थोड्या तासांतच फिके करतात, असें त्यांना आढळलें. गुजराथेंत वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठांतहि याच दिशेनें संशोधन झालेलें आहे. जेथें रंगानें माती बिघडविली, तेथील मातीनेंच त्यावरचा उपाय पोसला होता, असा हा योग आहे.

जंतु रंग मोडतात तो कसा? सर्वसाधारण समजूत अशी कीं जंतु रंग ‘खातात’. ही समजूत फारशी बरोबर नाहीं. बहुतेक जाती केवळ रंगावर जगूं शकत नाहींत. त्यांना साखर, मळी किंवा तसलेंच दुसरें अन्न द्यावें लागतें. अन्न पचवितांना त्यांच्या शरीरांत इलेक्ट्रॉन मोकळे होतात, व ते कोणाच्या तरी स्वाधीन करणें त्यांना भाग असतें. आपणहि श्वासानें घेतलेल्या प्राणवायूला हेच इलेक्ट्रॉन देत असतों. जंतूंजवळ प्राणवायु असला तर पंगतींतलें पहिलें पान त्याचें. सारे इलेक्ट्रॉन तोच घेऊन जातो आणि रंग उपाशी राहतो. परंतु हवा बंद केली कीं पान मोकळें होतें. मग जंतूंतील ॲझोरिडक्टेज नांवाचा विकर ते इलेक्ट्रॉन रंगाच्या पुलावर नेऊन देतो. चार इलेक्ट्रॉन मिळाले कीं नायट्रोजनच्या दोन अणूंनीं एकमेकांचे धरलेले हात सुटतात, रेणूचे दोन तुकडे होतात आणि रंग नाहींसा होतो. यामुळेंच प्रयोगशाळेंत बाटली सारखी हलवीत ठेवली तर रंग पुष्कळदां तसाच राहतो, आणि ती स्थिर ठेवली तर फिका होतो.

येथें एक शंका येईल. कांहीं रंगांचे रेणु मोठे व विद्युत्‌भारित असतात. ते जंतूच्या शरीराची भिंत ओलांडूं शकत नाहींत. मग विकराची व त्यांची गांठ कशी पडावी? त्यासाठीं मधले निरोपे असतात. दुधांत सांपडणारें बी-2 जीवनसत्त्व म्हणजे रिबोफ्लेव्हिन हें असेंच एक द्रव्य आहे. तें जंतूपासून इलेक्ट्रॉन घेतें, बाहेर जाऊन रंगाला देतें आणि रिकाम्या हातानें परत येतें. असल्या द्रव्याचा अंश थोडा असला तरी पुरतो, कारण तेंच पुन्हां पुन्हां खेपा घालतें. निळीच्या रांजणांत जंतु हेंच करीत. फरक इतकाच कीं निळीचा रेणु शाबूत राहतो व हवेंत पुन्हां निळा होतो. ॲझो रंगाचा पूल एकदां तुटला कीं हवा लागून तो पुन्हां जोडला जात नाहीं.

येथपर्यंत सर्व कांहीं आशादायक वाटतें. काळेंनिळें पाणी जंतूंनीं पाण्यासारखें पांढरें केलें. आतां तें नाल्यांत सोडण्यास हरकत काय? याच ठिकाणीं घात होण्याचा संभव आहे. पूल मोडला, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे पाण्यांतच आहेत. त्या तुकड्यांना सुगंधी ॲमाइनें म्हणतात. ‘सुगंधी’ हा रसायनशास्त्रांतला पारिभाषिक शब्द आहे. त्याचा सुवासाशीं संबंध नाहीं. हीं द्रव्यें बहुधा बिनरंगी असतात आणि त्यांतील कांहीं अत्यंत घातक आहेत. 1895 मध्यें फ्रँकफुर्टचा शस्त्रवैद्य लुडविग रेन याला रंगाच्या कारखान्यांतील कामगारांत मूत्राशयाच्या गांठी नेहमींपेक्षां अधिक आढळल्या. पुढें बेंझिडीन व बीटा-नॅफ्थिलामाइन हीं या वर्गांतलीं द्रव्यें अशा कर्करोगास कारण होतात हें सिद्ध झालें. ज्या ॲझो रंगांपासून असे घातक तुकडे निघतात त्यांतील अनेकांवर जर्मनीनें 1994 मध्यें आणि भारतानें 1997 मध्यें निर्बंध घातले. प्रत्येक रंग असा नसतो. परंतु कोणत्या रंगाचे तुकडे निरुपद्रवी व कोणत्याचे विषारी, हें नुसत्या डोळ्यांनीं कळत नाहीं.

तुकडा मूळ रंगाहून अधिक प्रभावी ठरूं शकतो, याचें इतिहासांत एक मोठें उदाहरण आहे. 1932 मध्यें गेर्हार्ड डोमाक या जर्मन शास्त्रज्ञाला प्रॉंटोसिल नांवाचा एक तांबडा ॲझो रंग रोगजंतूंनीं ग्रासलेल्या उंदरांना वांचवितो असें दिसून आलें. चमत्कार असा कीं तोच रंग कांचेच्या नळींत रोगजंतूंवर घातला तर त्यांचा केंसहि वांकडा होत नसे. 1935 मध्यें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं याचा उलगडा केला. शरीरांत गेल्यावर रंगाचा पूल तुटतो व सल्फानिलमाइड नांवाचा बिनरंगी तुकडा बाहेर पडतो; रोगजंतूंना मारतो तो हा तुकडा. आंतड्यांत राहणारे जंतु हा पूल मोडण्याच्या कामांत भाग घेतात, हेंहि पुढें कळून आलें. त्या शोधांतून सल्फा औषधांचें युग सुरू झालें आणि डोमाकला 1939 चें नोबेल पारितोषिक जाहीर झालें. जंतूंनीं मोडलेला रंग तेथें औषध ठरला. सांडपाण्यांत तोच प्रकार उलटा घडून विष ठरूं शकतो.

म्हणून रंग मोडण्याच्या कामाचे दोन भाग केले पाहिजेत. पहिला हौद बंद, हवेवांचूनचा. त्यांत पूल तुटतो व रंग जातो. दुसरा हौद उघडा. त्यांत हवा जोरानें खेळविली जाते. हवेंत वाढणारे दुसऱ्या जातीचे जंतु तेथें त्या बिनरंगी तुकड्यांवर काम करतात. ते प्राणवायूच्या साह्यानें कार्बनचें कडें फोडतात, आणि शेवटीं पाणी, कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजनचे साधे क्षार उरतात. पहिल्या हौदाचें काम डोळ्याला दिसतें, दुसऱ्याचें दिसत नाहीं. म्हणूनच काटकसर करूं पाहणारा मनुष्य दुसऱ्या हौदावर करील अशी भीति असते. वस्तुतः पहिला हौद बांधून दुसरा न बांधणें म्हणजे घरांत शिरलेल्या सापाला पाहून दिवा मालविण्यासारखें आहे. रंगीत पाणी निदान चुगली तरी करतें. तें पाहून शेतकरी ओरडतो, बाई घागर भरीत नाहीं. बिनरंगी झालेलें अर्धवट पाणी चुगली करीत नाहीं, आणि विहिरींत निमूटपणें उतरतें.

पाणी खरोखर सुधारलें कीं नाहीं हें पाहण्याच्या कसोट्याहि शास्त्रज्ञांनीं ठरविल्या आहेत. पहिली कसोटी, रंग मोडला कीं जंतूंच्या अंगाला नुसता चिकटला, याची. पाणी वेगानें फिरवून जंतु तळाशीं बसवितात. त्यांचा गोळा रंगीत दिसला तर रंग केवळ चिकटला आहे, गोळा पांढुरका राहिला तर तो मोडला आहे असें समजतात. दुसरी कसोटी यंत्रांच्या साह्यानें पाण्यांतील तुकडे ओळखण्याची. तिसरी कसोटी मात्र कोणत्याहि शेतकऱ्याला समजेल अशी आहे. ज्वारीचे सारखे दाणे घेऊन त्यांचे तीन भाग करतात. एका भागाला साधें पाणी, दुसऱ्याला रंगाचें पाणी व तिसऱ्याला जंतूंनीं शुद्ध केलेलें पाणी घालतात, आणि किती दाणे रुजले, मुळें व कोंब किती लांब झाले हें मोजतात. कोल्हापूरच्या संशोधनांत ज्वारीची ही परीक्षा वारंवार वापरली गेली. रंगाच्या पाण्यांत खुंटलेलें मूळ शुद्ध केलेल्या पाण्यांत साध्या पाण्याइतकें वाढलें, तरच काम साधलें. ज्वारीच्या दाण्याला पाण्याचा रंग दिसत नाहीं. म्हणूनच त्याची साक्ष डोळ्याच्या साक्षीपेक्षां अधिक विश्वसनीय आहे.

प्रयोगशाळेंत जें साधतें तें कारखान्यांत तितक्या सहजपणें साधत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. बाटलींत एकच रंग, ठरलेली उष्णता व भरपूर अन्न असतें. रंगगृहांतून आज निळें, उद्यां तांबडें, परवां काळें पाणी येतें. तें गरम असतें, सोड्यामुळें अतिशय दाहक असतें, व त्यांत मीठ भरपूर असतें. असें पाणी आधीं निववावें लागतें, त्याचा दाहकपणा मारावा लागतो, आणि निरनिराळ्या वेळचीं पाणीं एका मोठ्या हौदांत एकजीव करून मग जंतूंच्या हवालीं करावीं लागतात. एकाच जातीपेक्षां अनेक जातींचा समुदाय येथें अधिक टिकतो. एकानें सोडलेलें काम दुसरा उचलतो. शिवाय जंतूंना घाई चालत नाहीं. त्यांना तासच्या तास, कधीं दिवस द्यावे लागतात, म्हणून हौद मोठे लागतात व जागा अडते. थंडीच्या रात्रीं त्यांचें काम मंदावतें. थोडक्यांत, जंतु हे फुकटचे मजूर नव्हेत. गोठ्यांतल्या जनावरांप्रमाणें त्यांची रोज निगा राखावी लागते.

आणखी एक मर्यादा खानदेशच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें फार मोठी आहे. जंतु रंग मोडतील, तुकडेहि मोडतील. पण हौदांत घातलेलें मीठ ते मोडूं शकत नाहींत. सोडियम तसाच पाण्यांत राहतो. असें पाणी काळ्या कपाशीच्या जमिनींत वर्षानुवर्षें गेलें तर तिचे चिकण कण एकमेकांपासून सुटतात, भिजल्यावर चिखल व वाळल्यावर दगड अशी तिची अवस्था होते, आणि चांगली जमीन चोपण होऊन बसते. चोपण जमिनींत पाणी मुरत नाहीं व पीक धरत नाहीं. तेव्हां जंतूंच्या दोन हौदांनंतर मीठ वेगळें काढण्याची व्यवस्था लागतेच. सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून दाबानें पाणी गाळून व उरलेला खारा भाग आटवून ही गोष्ट साधते, व गाळलेलें पाणी पुन्हां रंगकामास घेतां येतें. त्याला खर्च येतो. पण ज्या तालुक्यांत पाण्याचा थेंब मुरविण्यासाठीं डोंगराएवढी माती उपसली गेली, तेथें पाणी परत वापरणें हा केवळ खर्च नव्हे.

या दृष्टीनें शिरपूरची स्थिति इतर ठिकाणांहून वेगळी व एका अर्थानें भाग्याची आहे. इतरत्र नद्या आधीं रंगल्या आणि उपाय मागाहून शोधावे लागले. येथें भूगर्भाचा अभ्यास आधीं झाला. पाणी कोणत्या थरांतून कोठें जातें हें येथील सामान्य शेतकऱ्यालाहि माहीत झालें आहे. वस्त्रविद्या शिकणारे विद्यार्थी गांवांतच आहेत, आणि जळगांवचें विद्यापीठ दूर नाहीं. कापडधंद्याची वाढ होण्यापूर्वीं शहाणपण करण्याची संधि ज्या गांवांना मिळते त्यांत शिरपूरची गणना करतां येईल.

सामान्य सुशिक्षित कुटुंबानें यांत काय करावें? रसायनशास्त्राचा अभ्यास करण्याची त्याला गरज नाहीं. आपल्या परिसरांत रंगकामाचा कारखाना असेल किंवा होणार असेल, तर त्याच्या सांडपाण्याविषयीं चार साधे प्रश्न विचारतां आले म्हणजे पुरे. पाणी हवेवांचूनच्या हौदांतून गेलें काय? त्यानंतर तें हवेच्या हौदांतून गेलें काय? त्यांतलें मीठ कोठें जातें? आणि त्या पाण्यावर ज्वारी रुजते काय? पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरावर समाधान मानून ‘पाणी आतां स्वच्छ दिसतें’ असें म्हणणारा मनुष्य स्वतःची फसवणूक करून घेतो.

मातींतील जंतु हे मनुष्याचे फार जुने सेवक आहेत. त्यांनीं निळीच्या रांजणांत रंगाऱ्याची सेवा केली, शेतांत शेतकऱ्याची केली, आणि आतां कारखानदाराचीहि करण्यास ते समर्थ आहेत. परंतु त्यांचें काम अर्ध्यावर तोडून उरलेलें विष त्यांच्याच मातींत सोडूं नये, एवढी काळजी घेणें हें माणसाचें काम आहे. नाला खोल करून ज्यांनीं विहिरींना पाणी दिलें, त्यांच्या पुढच्या पिढीनें तें पाणी नुसतें दिसण्यांत नव्हे, तर ज्वारीच्या दाण्याला मानवेल इतकें निर्मळ राखावें.